एम. अप्पांची कविता

कर्नाटकच्या सीमेजवळच्या मुरुम गावच्या शाळेत शिवांजली मॅडम चौदा वर्षं इंग्रजी शिकवत होत्या, आणि चौदा वर्षं त्यांचं शाळेशी एकाच गोष्टीवरून वाजत होतं. कवितेचा मराठी अर्थ त्या फळ्यावर लिहून देत नसत. कविता दोनदा मोठ्यानं वाचायची आणि मग पोरांनी वाटेल त्या भाषेत बोलायचं. निम्म्या घरांत कन्नड, त्यामुळं वर्गात तीन भाषांची खिचडी शिजायची. खरं सांगायचं तर पोरं बोलायची कमी आणि फळ्याकडं आशेनं बघायची जास्त.

यंदा मुख्याध्यापक राजशेखर सरांनी बजावलं, "मॅडम, सहामाहीत दहावीचा निकाल पडला तर वर्ग भागवत सरांना देणार. मग मला बोल लावायचा न्हाय." भागवत सर घरी शिकवणी घ्यायचे. रसग्रहणाच्या उत्तराचा त्यांच्याकडं एक साचा होता, कवीचं नाव बदललं की कुठल्याही कवितेला बसणारा. अर्धी दहावी सकाळी तिथंच असायची.

मॅडमही काही कमी नव्हत्या. सहामाहीच्या पेपरात पुस्तकाबाहेरची कविता म्हणून त्यांनी स्वतःच इंग्रजीत आठ ओळी खरडल्या, आणि मुद्दाम टुकार खरडल्या. विहिरीत चंद्र पडतो, बैल ढसाढसा रडतो आणि शेवटी काही कारण नसताना स्वच्छतेचा संदेश. खाली कवीचं नाव, एम. अप्पा. म्हणजे त्यांचे वडील माणिकप्पा. त्या माणसानं आडतीवरच्या पोत्यांवर नावं घालण्यापलीकडं जन्मात काही लिहिलं नव्हतं.

बावन्न पोरांपैकी एक्कावन्न जणांनी लिहिलं, की एम. अप्पा हे थोर निसर्गकवी आहेत, त्यांची भाषा सोपी नि संदेश मोलाचा आहे, म्हणून ही कविता मला अतिशय आवडते. पहिल्या दहा पेपरांना मॅडम पोट धरून हसल्या. विसाव्या पेपराला हसू आटलं. पुढं पुढं तर त्यांना रडूच यायला लागलं. चार महिने घसा फोडला तो कशासाठी, असं वाटून गेलं.

वेगळा निघाला तो आरोहीचा पेपर. ही कास्तकाराची पोर वर्गात कधी तोंड उघडत नसे. तिनं मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिहिलं होतं, 'मला कविता आवडली नाही. बैल का रडतो ते कवीलाच ठाऊक नाही. आमचा बैल दुखणाईत झाला की रडत नाही, चारा सोडतो.'

साच्याला चार-चार गुण वाटले असते तर निकाल वर गेला असता आणि दहावी हातात राहिली असती. मॅडमना हे पुरतं कळत होतं. त्यांनी आरोहीला पाचपैकी पाच दिले आणि बाकी एक्कावन्न जणांना भोपळा.

पेपर वाटताना त्यांनी सांगून टाकलं, "ही कविता मी लिहिलीय. खरं बोला, कशी वाटली?"

मग आरोही उठली. "मॅडम, रागवू नगा, पण लई टुकार हाय."

वर्गात हशा पिकला आणि मग पोरांना आवरणं मुश्कील झालं. चाळीस मिनिटं त्यांनी त्या कवितेची सालटी काढली, कुणी कन्नडमधून, कुणी मराठीतून, एकदोघांनी चक्क इंग्रजीतून. फळ्याकडं कुणी बघितलं नाही.

राजशेखर सरांनी निकालाचा कागद पुढं सरकवला. "आवडली न्हाय असं लिहिल्यावर बोर्डात मार्क कोण देणार? दहावी गेली तुमची."

मॅडमनी कागद परत सरांकडं सरकवला. "जाऊ द्या, सर. मला आठवी द्या. तिन्ही तुकड्या."

आठवी कुणालाच नको असते. सरांनी हायसं वाटून लगेच सही केली.

सोमवारी मॅडमनी आठवीत फळा कोरा ठेवला आणि एम. अप्पांची कविता मोठ्यानं दोनदा वाचली. "आता सांगा, यात खोटं काय वाटतं?" तीन हात वर आले. ही सगळी पोरं दोन वर्षांनी दहावीत बसणार होती, एवढं मात्र सही करताना सरांच्या ध्यानात आलं नव्हतं.