आक्काचा शेवटचा तांब्या

आज सकाळी सूनबाईने बाळाला पायांवर घेऊन न्हाऊ घातलं. शेवटचा तांब्या तिने त्याच्यावरून ओवाळला आणि ते पाणी मोरीच्या कोपऱ्यात भिरकावलं. मी बघतच राहिले. ही तर आक्काची लकब!

आक्का माझ्या माहेरी आठ दिवसांसाठी म्हणून आली आणि कायमची राहिली. ती आमची कोण, हे कुणालाच धड सांगता येत नसे. काका तर तिला तोंडावर "खायला काळ नि भुईला भार" म्हणत. पण घरातलं प्रत्येक बाळ तिच्याच पायांवर न्हालं. तिचा तो तांब्या आईने उचलला, आईकडून मी, माझ्याकडून सूनबाईने.

सूनबाई जनुकांचा अभ्यास करते. आक्काबद्दल ऐकून ती हसली.

"आई, आपल्या पेशींतही अशा आक्का आहेत. स्वतःच्या नकला काढत जनुकांमध्ये कुठेकुठे जाऊन बसलेले डीएनएचे तुकडे. बरेचसे आता गप्प पडून असतात. पूर्वी त्यांना सरळ कचरा म्हणायचे. पण त्यातलाच एक, कधीकाळी विषाणूबरोबर आत शिरलेला, आता गर्भाची वार घडवायला लागतो. तो नसता तर हा माझ्या पोटात वाढला नसता."

मी बाळाची बेंबी हलकेच टिपली. आक्काचा एक फोटोही आमच्याकडे नाही.

"पण आई, आक्का तुमच्या नक्की कोण लागायच्या?"

"ती आमची कोण, ते नाही गं ठाऊक," मी म्हटलं, "पण आम्ही सगळी तिची."