सावडीतलं पोर

शहापुराच्या टोकाला, नव्या इमारती संपतात तिथे, एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर मी बसले आहे. दवाखाना म्हणायचा, पण इथे औषधाचा वास नाही. नात आत गेली आहे. तिचा मुलगा तीन वर्षांचा. रात्र रात्र झोपत नाही, हट्टाला पेटला की स्वतःला जमिनीवर आपटून घेतो. नात नोकरी करून, घर करून इतकी थकली आहे की गेल्या महिन्यात भाजी चिरता चिरता तिला उगाच रडू फुटलं. कुणीतरी सांगितलं, इथे एक बाई आहेत, त्या मुलाला नाही, आईला तपासतात. आधी मला हसू आलं. मग वाटलं, चला, उशिरा का होईना, कुणाला तरी सुचलं. मी सोबतीला म्हणून आले आणि खिडकीजवळची खुर्ची धरली. खाली दोन इमारतींच्या बेचक्यात एक भातखाचर अजून कसंबसं शिल्लक आहे. त्यात चार बायका वाकून लावणी करताहेत, आणि उपटलेल्या रोपांचा तो ओला, हिरवट, किंचित कुजका वास थेट वर येतो आहे. हा वास आला की मी शहापुरात राहत नाही. मी वैशाखऱ्याच्या एका बांधावर जाऊन बसते, मांडीवर धाकट्या भावाला घट्ट धरून.

वडील प्राथमिक शाळेत मास्तर होते. एकोणीसशे पन्नास-साठच्या दरम्यान कधीतरी त्यांची बदली वैशाखऱ्याला झाली आणि आम्ही मुरबाडच्याही पुढे, डोंगराच्या पायथ्याशी येऊन पडलो. आईचं माहेर शहापूरचं, बाजारपेठेतलं. तिला दारात दुकानं आणि पलीकडच्या आळीत मैत्रिणी असण्याची सवय. इथे समोर डोंगर, मागे डोंगर, आणि घरात माझा भाऊ. पाच वर्षांचा झाला तरी तो एक शब्द बोलत नव्हता. घरच्यांखेरीज कुणी अंगाला हात लावला की किंचाळायचा. शाळेची घंटा झाली की भिंतीवर कपाळ आपटायला लागायचा, आणि एकदा सुरू झाला की थांबायचं नाव नाही. आमच्या पडवीच्या मातीच्या भिंतीला त्याच्या उंचीवर एक खळगा पडला होता. आई दर सणाला तो लिंपायची. तो पुन्हा पडायचा.

उपाय करण्यात कुणी कमी केलं नाही. मुरबाडचे डॉक्टर झाले, मग शहापूरचे झाले. एका भगताने ताईत दिला, तो भावाने पहिल्याच दिवशी तोडून टाकला. नवस झाले, उपास झाले. कुणी त्याची जीभ ओढून पाहिली, कुणी कानाशी पितळी वाजवली. जो येई तो पोराकडे बघे. त्याच्या शेजारी बसलेली बाई आरशात न बघता वेणी घालते, उभ्याउभ्या जेवते आणि हाक मारली तर दचकते, हे मात्र कुणाच्या नजरेत भरलं नाही. वडील वाईट नव्हते. त्यांना फक्त कळत नव्हतं, आणि न कळणाऱ्या गोष्टीपासून माणूस जसा शाळेच्या कामात दडतो तसे ते दडले. त्या वर्षी होळीला शहापूरहून मामा आला. म्हणाला, मुंबईत अशा मुलांसाठी एक आश्रम आहे, ओळखीने जागा मिळेल, दिवाळी झाली की मी येतो आणि त्याला नेतो. वडिलांनी मान हलवली. आईच्या चेहऱ्यावर त्या वेळी जे दिसलं त्याची मला भीती वाटली होती, कारण ते दुःख नव्हतं. ओझं उतरणार म्हटल्यावर हमालाच्या तोंडावर येतं तसलं काहीतरी होतं.

आषाढात एक दिवस पाड्यावरची एक बाई मोळी टाकायला आली. भाऊ भिंतीवर डोकं आपटत होता. आई त्याच्यापासून हातभर अंतरावर बसली होती आणि उठत नव्हती. मी ओढत होते त्याला, पण माझं बळ ते किती! बाईने मोळी टाकली, दोघांकडे पाहिलं, आणि काही न विचारता भावाला पाठमोरा उचलून काखोटीला मारला. तो लाथा झाडत होता. ती आपली चालू पडली, खळं ओलांडून, पाड्याच्या दिशेने. आई ओरडली नाही की मागे धावली नाही. तिथेच पदर तोंडावर घेऊन झोपली. दिवेलागणीच्या आत बाई त्याला परत घेऊन आली. त्याचं पोट भरलेलं होतं आणि अंगभर चिखल होता.

दुसऱ्या दिवशी आईने वाटीभर साखर माझ्या हाती देऊन पाड्यावर पाठवली. बाजारपेठेतली रीत! उपकार झाला की वाटी जाते. बाईने वाटीकडे असं पाहिलं, जणू मी तिच्या दारात कचरा आणून टाकला. "साखर नको मना," ती म्हणाली. "आईस सांग, आमची आवणी हाय. हात घेऊन या म्हणावं. सावड हाय ही, फुकट नाय."

आवणी म्हणजे आपली लावणी. आणि सावड म्हणजे आज तुझ्या शेतात मी, उद्या माझ्या शेतात तू. पैसा नाही, मजुरी नाही, हाताला हात. हे आईला ऐकून माहीत होतं, पण सावड भाताची असते, पोराची कुठे असते? वडील म्हणाले, मास्तराची बायको चिखलात उतरली तर लोक काय म्हणतील. आई म्हणाली, "लोकांनी आजवर काय म्हटलं ते ऐकलंच की मी." आणि कासोटा घालून निघाली. आम्हा दोघांना तिने बांधावर बसवलं.

तिला लावणी येत नव्हती हे सांगायला नकोच. बायकांची ओळ सरळ मागे सरकत होती आणि आईच्या जागी ओळीला पोक येत होतं. पाठीवर पानांची इरली, खाली तोंडं, गुडघाभर चिखल. मला ते दृश्य आजही दिसतं, आणि आज कळतं की त्या वाकण्यातच काहीतरी होतं. लावणीत कुणी कुणाचं तोंड बघत नाही. ज्याला त्याला आपले हात आणि हातातली रोपांची मूठ, एवढंच दिसतं. समोरासमोर बसून जे जिभेवर आलं नसतं ते चिखलाकडे बघून बोलता येतं. बऱ्याच वेळाने आई बोलली. मोठ्याने नाही, पण बांधापर्यंत आलं.

"कधीकधी वाटतं, हा सकाळी उठलाच नाही तर बरं."

मी भावाला घट्ट धरलं. वाटलं, आता आभाळ कोसळणार, बायका उठून आईला शिव्या घालणार. एकही पाठ सरळ झाली नाही. हात चालूच होते. मग ती मोळीवाली बाई, तशीच खाली बघत, म्हणाली, "माझी दुसरी पोर रातदिस रडं. एक डाव मी तिला करवंदीच्या जाळीपाशी ठेवली न् चालू पडले. वढ्यापरत गेले. मंग पाय चालनात."

पलीकडून दुसरी म्हणाली, "मी त सासूच्या अंगावर फेकलंता पोर. धर म्हनलं, तुझाच वंश हाय."

ओळ हसली. आई हसली की रडली ते मला इरल्यामुळे दिसलं नाही. तिच्या पाठीवरचं इरलं मात्र हलत होतं. मोळीवाली पुढे म्हणाली, "आईसच वाटतं गो असं. दुसऱ्यास कशास वाटंल? त्यास कुठं पोर राखायचंय." आणि लगेच, "हात आखूड टाक. तुझं आवण वाकडं चाललंय." तोवर त्या आईला 'मास्तरीणबाय, तुमी' म्हणत. त्या ओळीपासून ती 'तू' झाली, आणि मरेपर्यंत 'तू'च राहिली.

एवढ्यात भाऊ माझ्या हातून सुटला. बांधावर रोपांच्या मुठी रचलेल्या होत्या. त्याने एक उचलली, खाचरात उतरला आणि आईच्या समोर धरली. आईचा हात रिकामा झालाच होता. तिने मूठ घेतली आणि कामाला लागली, जसं रोजचंच आहे. त्याने दुसरी आणली. चमत्कार वगैरे काही झाला नाही. त्या संध्याकाळी त्याने भिंतीवर डोकं आपटलं, नेहमीसारखंच. पण आई त्या दिवशी बसून जेवली.

पुढे ते आपोआप रुळलं. भाऊ आज या घरी, परवा त्या घरी. कुणाकडे तो वासरांच्या गोठ्यात बसे, कुणाकडे सुपातला तांदूळ बोटांनी ओळीत मांडत राही, आणि त्याला बोलतं करण्याची घाई कुणालाच नव्हती. त्याच्या पाळीच्या बदल्यात आई बेणणीला, म्हणजे तण काढायला गेली, कापणीला गेली, आणि दोन घरची रांगती पोरं आमच्या पडवीत लोळू लागली. तिच्या हातांना भेगा पडल्या. आरशात बघून ती पुन्हा वेणी घालू लागली. जगात दुसऱ्यांचीही पोरं रडतात, हे तिला नव्याने कळल्यासारखं झालं होतं.

दिवाळी झाली आणि बोलल्याप्रमाणे मामा आला. भावासाठी नवा कोरा सदरा घेऊन आला होता. त्याने विचारलं, "कुठं आहे?"

"आज पलीकडच्या पाड्यावर आहे," आई म्हणाली.

"बोलाव त्याला. उद्याची गाडी धरू आसनगावला."

आईने हातातलं काम बाजूला ठेवलं. मी दारामागे उभी होते. "दादा, त्याला नाही नेता येणार," ती म्हणाली. "पुढच्या आठवड्यात भाताची झोडणी आहे. तो सावडीत आहे. मधूनच कसा काढून देऊ?"

मामाला काही उमजलं नाही. पेठेतल्या माणसाला कसं उमजावं? त्याने आशेने वडिलांकडे पाहिलं. वडिलांची नजर त्या भिंतीतल्या खळग्याकडे गेली. मग म्हणाले, "बरोबर आहे तिचं. सावडीतून मधूनच काढत नाहीत." त्यांनी आयुष्यात पुष्कळ शहाणपणाचं सांगितलं असेल, पण मला वडील आठवतात ते या वाक्याने. मामा एकटाच परत गेला. नव्या कापडाची खळ भावाला टोचायची, म्हणून आईने तो सदरा कितीतरी वेळा धुऊन मऊ केला, आणि मगच त्याच्या अंगात घातला.

नात बाहेर आली आहे. डोळे लाल, पण खांदे जरा खाली उतरलेले. म्हणते, "आजी, मी आत जे बोलले ना, ते ऐकून त्या बाई दचकल्याच नाहीत." मी म्हटलं, "शहाणी बाई दिसते." आणखी काय सांगणार? शनिवारी पोराला माझ्याकडे सोडायचं आणि त्याच्या बदल्यात तिने माझं लोणचं घालून द्यायचं, असं ठरवून टाकलं. फुकट नाही.

खालच्या बायका बांधावर भाकरी खायला बसल्या आहेत. पुढच्या वर्षी हे खाचर बहुधा नसेल. आई जाऊन कितीतरी वर्षं झाली. ती मोळीवाली गेली, ओळीतल्या सगळ्याच गेल्या. भाऊ आहे. सत्तरी उलटली, अजून बोलत नाही. तो वैशाखऱ्यालाच असतो, त्या बायकांच्या नातवंडांच्या घरी, आज या आणि परवा त्या. त्याला भेटायचं तर आधी विचारावं लागतं, सध्या कुणाकडे आहे. आवणीला अजून मुठी पोचवतो म्हणे. पुढच्या सोमवारी मी त्याला आणायला जाणार आहे. पाळी माझी आहे.