बागेच्या कुंपणापलीकडचे ससे

बर्लिनच्या टोकाला, बागांच्या एका वसाहतीत आमची भाड्याची छोटी बाग आहे. कुंपणापलीकडे गवताचा पट्टा, त्याला लागून शेत. त्या गवतात दोन तऱ्हेचे ससे चरायला यायचे. मी दोघांनाही ससाच म्हणायचे, आणि मुलगी मला जर्मनमधून दुरुस्त करायची. लांब पायांचा, उघड्यावर राहणारा तो हाझे. बिळातलं बुटकं ते कानिन्खेन.

त्या वर्षी सासूबाई पुण्याहून आल्या होत्या. रोज संध्याकाळी बाकावर बसून बघायच्या. त्यांनीच मला सांगितलं की बुटके बिळापासून लांब जात नाहीत, मोठा शेताच्या बाजूला चरतो. तो जवळ आला तर बुटके जरा सरकतात, भांडण काही नाही.

एप्रिलच्या सभेत वसाहतीच्या अध्यक्षांनी जाहीर केलं की बिळं बुजवायची. म्हणे, ही कानिन्खेन इथली नाहीत, कधीकाळी शिकारीसाठी स्पेनकडून आणून सोडलेली; त्यांनी आपल्या हाझेंना हुसकावलं. मी उठून, चुकतमाकत जर्मनमध्ये म्हटलं की शेताकडेची झुडपं उपटली, तेव्हापासून हाझे कमी झाले. आणि उरलेले कानिन्खेनच्याच शेजारी चरतात, येऊन बघा. अध्यक्ष हसले.

"तुम्ही इथे नवीन आहात," म्हणाले.

माझी मुलगी याच शहरात जन्मली, आता शाळेत जाते. बाकीचे कॉफी ढवळत राहिले.

शनिवारी त्यांनी बिळांत विटांचे तुकडे कोंबले. आत पिल्लं असणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मग आडोसा राहू नये म्हणून पट्टाभर यंत्र फिरवून गवत जमिनीसरसं कापलं. हाझेची पिल्लं बिळात नसतात. ती गवतात निपचित पडून राहतात, धोका आला तरी हलत नाहीत. सासूबाईंना दोन सापडली, दोन्ही मेलेली. त्या पदर तोंडाला लावून उभ्या राहिल्या.

मी एक पिल्लू पंच्यात घेतलं आणि सरळ अध्यक्षांच्या बागेत गेले. पाहुणे केक खात होते. पंचा टेबलावर ठेवून उघडला.

"हे कानिन्खेन नाही," मी म्हटलं. "हे तुमचं. इथलंच."

त्यांनी पाहिलं. वाईट झालं म्हणाले. मग, हे जेवणाच्या टेबलावर आणायची काय गरज होती, असं विचारलं. त्यांच्या पत्नीने घाईघाईने केक आत नेला.

पुढे उन्हाळ्यात कानिन्खेननी रेल्वेच्या बांधावर नवी बिळं काढली. हाझे त्या वर्षी पुन्हा दिसला नाही. सभेत कोणी त्याचं नावही काढलं नाही. अध्यक्ष अजून तेच आहेत, समोरून आले की मी मान वळवते.

परत जाताना विमानतळावर सासूबाई म्हणाल्या, "सोडून दे गं आता. किती दिवस मनात धरशील?"

"नाही आई," मी म्हटलं. "हा राग मला ठेवायचाय."