शहापूरचे काळे शिंगाडे आणि मी पुढे पाठवलेला व्हिडिओ

यंदा मी भंडाऱ्याला गेले ती फिरायला नाही, माफी मागायला. अर्थात ब्लॉग लिहिणाऱ्या बाईला माफी मागतानाही आधी गाडीचं वेळापत्रक दिसतं, त्यामुळे उपयोगाची माहितीही मिळेल.

झालं असं. आमच्या आत्याने घरच्या ग्रुपवर एक व्हिडिओ टाकला. एका ताटात घरच्या कुकरमध्ये उकडलेले तपकिरी शिंगाडे, शेजारी बाजारातून आणलेले काळेकुट्ट. "बघा फरक! गाडीचं जळकं ऑइल लावतात." मी तो लगेच आणखी तीन ग्रुपांवर ढकलला, वर "काळजी घ्या" असंही लिहिलं. दुसऱ्या दिवशी सवडीने पुन्हा पाहिला, तेव्हा शेवटी दिसणारी निळी हातगाडी ओळखीची वाटली. भंडाऱ्याजवळच्या शहापूरच्या सुशीलाकाकूंची! गेल्या वर्षी याच ब्लॉगवर मी त्यांच्या शिंगाड्यांचं तोंड भरून कौतुक केलं होतं. मग मीही घरी कुकरमध्ये शिंगाडे उकडून पाहिले. तपकिरीच निघाले. म्हणजे माफीबरोबर थोडा संशयही पिशवीत घालून मी निघाले, हे कबूल करते.

नागपूरहून सकाळची पॅसेंजर पकडा, तासाभरात वरठी येतं. भंडारा रोड स्टेशन म्हणजे हेच. स्टील कारखान्याची पाळी सुटली होती, सायकली आणि मोटरसायकलींनी रस्ता भरला होता. इथून भंडाऱ्याला शेअर ऑटो मिळतो, भाडं आधीच ठरवून बसा. बसस्टँडजवळ तर्री पोहे खाल्ले. नाकातून पाणी आलं, तरी दुसरी प्लेट मागवली. शेजारच्या बाकावर दोन बायका बोलत होत्या.

"शिंगाडे नोको घेऊ वं. ऑइल लावते म्हनते."

"हाव, माह्याही मोबाइलवर आलं."

मी दुसरी प्लेट अर्धी टाकून उठले.

शहापूरला एसटीने पोचले. हायवेच्या कडेला काकू बसल्या होत्या आणि समोर शिंगाड्यांचा ढीग तसाच होता. काकू आणि त्यांचा नवरा गावच्या बोडीत, म्हणजे शेतातल्या छोट्या तलावात, शिंगाडा लावतात. थंडीचे दोन-अडीच महिने विक्री, वर्षाची मदार त्यावरच. मला पाहून त्या हसल्या. मी बसायच्या आतच सांगून टाकलं, "काकू, तो व्हिडिओ मीही पुढे पाठवला."

त्यांनी हातातला तराजू खाली ठेवला. मग म्हणाल्या, "तुमी त माह्या हातचे खाल्ले होते ना? मंग काहून पाठोला?"

लाज वाटली, खूप वाटली. शेवटी धीर करून विचारलं, "पण काकू, काळे होतात कशाने?"

"कढईनं! लोखंडाची हाये ना. माह्या सासूच्याही हातचे असेच होत. यात सांगाचं काय?"

इतकी साधी गोष्ट. ज्यांना माहीत होती त्यांना ती सांगण्यासारखी वाटली नाही, आणि आम्ही कुणी विचारली नाही.

लोखंडाशेजारी दुसऱ्या धातूच्या भांड्यात उकडून लोकांनाच दाखवायचं ठरवून मी परत भंडाऱ्याला. पितळी भांड्यांच्या बाजारात एका दुकानात कल्हईचं पातेलं मागितलं आणि कशासाठी तेही सांगितलं. दुकानदार शेठ भडकले. "ते काळे शिंगाडे? मी घरी बंद करून टाकले!"

"मग उद्या शहापूरच्या बाजाराला या. स्वतः बघा."

"येतो. पन भांडं माह्यं, पानी मी भरीन, अन् कढईही मीच घासीन."

यापेक्षा चांगला परीक्षक कुठे मिळाला असता? मुक्कामाला स्टँडजवळचं साधं, स्वच्छ लॉज पुरतं. संध्याकाळी वैनगंगेच्या काठी गेले, पण चित्त सगळं उद्याच्या कढईत.

दुसऱ्या दिवशी शहापूरच्या बाजारात दोन चुली मांडल्या. शेठनी राखेने कढई खसाखसा घासली, हातपंपाचं पाणी दोन्हीत भरलं आणि एकाच टोपलीतले हिरवे शिंगाडे निम्मे निम्मे टाकले. बघ्यांची ही गर्दी! वीस मिनिटांनी झाकणं उघडली तर दोन्हीकडे तपकिरी. कुणीतरी खाकरलं. मी काकूंना वाचवायला आले होते की पुरतं बुडवायला?

काकू शांत होत्या. "कच्चे हायेत आजून. घाई काहून करून राहिले?"

पुन्हा झाकण, पुन्हा लाकडं. आणि अर्ध्या तासाने पितळेत तपकिरी, लोखंडात काळेभोर! शेठनी कढईतला एक सोलला. आत पांढराशुभ्र. तो त्यांनी तोंडात टाकला, सावकाश चावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मी चुकलो बाप्पा. एक किलो द्या."

मग काय विचारता! दुपारपर्यंत टोपली रिकामी, काका धावत बोडीवर. मी सगळं न तोडता चित्रित केलं होतं. "याखाली काय लिहू?" असं काकूंना विचारलं तर म्हणाल्या, "कुठं कोनी रंग लावत असन त मले माहीत नाई. मी माह्याचं सांगतो." माझ्या "काळजी घ्या"पेक्षा कितीतरी जबाबदार वाक्य.

घरी आल्यावर चारही ग्रुपांवर आधी माझी चूक लिहिली, मग व्हिडिओ टाकला. आत्या दोन दिवस फुगली. तिसऱ्या दिवशी मी हळदीबद्दलचा एक मेसेज घरच्या ग्रुपवर ढकलला, तर तिचाच प्रश्न आला, "तू करून पाहिलंस का?" नव्हतं पाहिलं. खोडून टाकला.

परवा काकूंचा फोन आला. आता दोन कढया चढतात आणि शेठचं पातेलं गाडीवरच असतं. कुणी शंका काढली की मूठभर शिंगाडे पितळेत.

"तुमचा व्हिडिओ पायला मी," त्या म्हणाल्या. "चांगला हाये. पन लोकायले सांगा, व्हिडिओवर जाऊ नोका. हा बी व्हिडिओच हाये ना? इथं या, चूल पेटली हाये."