नाकवाले सर

तमाम विज्ञानप्रेमी जनतेस अत्यंत जड अंतःकरणाने कळवण्यात येते की, कल्याण येथील एका महाविद्यालयाच्या पदार्थविज्ञान विभागात प्रदीर्घ सेवा बजावलेले एक नाक नुकतेच स्वेच्छेने निवृत्त झाले आहे. नाकाच्या पश्चात एक प्राध्यापक असा परिवार आहे.

तो प्राध्यापक मी.

हसलात? हसा. मला माणसं हसवायला मनापासून आवडतं. हसवता येतं म्हणून तर इतकी वर्षं निभावलं.

आता प्रसंग बघा. फर्स्ट इयरचा पहिला दिवस. पायऱ्यापायऱ्यांचा लेक्चर हॉल, तिन्ही तुकड्यांची पोरं एकत्र कोंबलेली. छताच्या हुकाला लांब तार. तारेला गोळाफेकीचा लोखंडी गोळा. फळ्याला डोकं टेकवून मी उभा. आणि आमचे विभागप्रमुख, ज्यांना सगळं कॉलेज मोठे सर म्हणतं, तो गोळा ओढून माझ्या नाकाच्या टोकाला लावून धरतात. लोखंड गार लागतं.

मोठ्या सरांचा आवाज नाटकात शोभेल असा. शब्द कसे धुऊन इस्त्री केलेले.

"विद्यार्थी मित्रहो, हा गोळा मी सोडणार. तो पलीकडे जाईल आणि परत येईल. पण ज्या उंचीवरून सुटला, त्याच्या वर तो येऊ शकत नाही. ऊर्जा अक्षय्यतेचा नियम. म्हणजे यांचं नाक शाबूत राहील."

मग ते थांबतात. थांबावं तर त्यांनीच.

"आणि समजा नियम चुकला, तरी काळजी नको. यांना संरक्षण आहे. घटनेनंच दिलंय."

हॉल फुटतो हसून.

गोळा सुटतो. जाताना त्याचा काही आवाज येत नाही. येताना आधी वारा येतो, मग लोखंडाचा वास, मग गोळा. नाकापुढे माशी कशीबशी मावेल एवढ्या अंतरावर तो क्षणभर थांबतो आणि आला तसा परत जातो. टाळ्या. शिट्ट्या. मी सर्कशीतल्यासारखा कमरेत वाकून मुजरा करतो. तोही प्रयोगाचाच भाग. दरवर्षी तोच गोळा, तेच वाक्य, तोच मुजरा.

तो पहिला दिवस संपला की मोठे सर त्या वर्गात परत फिरकत नाहीत. अख्खं मेकॅनिक्स मी शिकवतो. बल, संवेग, फिरणारी चाकं, सगळं. पण पोरांचं मत त्या पहिल्या दिवशीच ठरून गेलेलं असतं. आमच्याकडे ते मत जिन्यात मिळतं. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर सीनियर पोरं बसलेली असतात आणि नव्यांना फुकट सल्ला वाटतात. एकदा मी वरच्या पायरीवर उभा होतो, त्यांना दिसत नव्हतो.

"मोठ्या सरांचं पहिलं लेक्चर चुकवू नको हां. शो असतो शो. लेजंड माणूस."

"आणि नंतर कोण घेतं?"

"नंतर ते, नाकवाले. फुल कॉमेडी आहेत भावा. अटेंडन्सचं टेन्शन नाय."

"शिकवतात कसे पण?"

"शिकवतात बिकवतात काय ते नाय माहीत. कोण ऐकतंय."

मी तसाच मागे फिरलो आणि लांबच्या जिन्याने उतरलो. मला हवं होतं ते फार मोठं नव्हतं. त्या वळणावर एकदा कुणीतरी म्हणावं, हे सर शिकवतात चांगलं. बस. एवढंच.

विनोद करायला मी कुठे शिकलो तेही ऐका. ठाण्याच्या शाळेत. आई वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात औषधाच्या गोळ्यांची पाकिटं भरायची. मी पुढच्या बाकावर. वर्षातून एकदा कारकून वर्गाच्या दारात यायचा आणि ओरडायचा, "स्कॉलरशिपवाले उभे राहा!" ती कुठली स्कॉलरशिप ते सगळ्यांना माहीत. वर्गात उभा राहणारा मी एकटा. पहिल्या वर्षी मान खाली घालून उभा राहिलो तर मागून हसू आलं. पुढच्या वर्षी मी उभा राहिलो आणि राजासारखा हात हलवला. तेव्हाही हसले. पण या वेळी मी हसवलं होतं. मला वाटलं, हा फरक मोठा आहे. पुढे किती तरी वर्षं मला तेच वाटत होतं.

कॉलेजात लागलो तेव्हा मी तासांवर होतो, नोकरी पक्की व्हायची होती. मोठे सर म्हणाले, "तुमची उंची अगदी योग्य आहे हो." मी म्हटलं, "सर, कुठल्या तरी बाबतीत योग्य निघालो." ते खूश झाले. तिथून नाक कामाला लागलं. नोकरी पक्की झाली तरी नाक सुटलं नाही.

स्टाफरूममध्ये मी असलो की हशा असतो. पण डबे उघडले की खुर्च्या आपोआप गोल होतात आणि त्या गोलात माझी नसते. कुणी काही बोलत नाही. बोलायची गरजच नाही. मी डबा घेऊन ऑप्टिक्सच्या डार्करूममध्ये जातो. तिथे सोडियमचा दिवा लावून जेवतो. त्या उजेडात एक गंमत आहे. रंग मरतात. मिरचीची लाल चटणी काळी दिसते, मेथी काळी दिसते, माझा हातही कुणा दुसऱ्याचा वाटतो. बाहेर पोरं हसत जातात. मी एखादा नवा किस्सा मनात जुळवत बसतो, संध्याकाळी स्टाफरूममध्ये सांगायला.

मग या वर्षीचा पहिला दिवस आला.

सकाळी गेटवर एक मुलगी आली. आमच्या शहाडची, माझ्या मागच्याच गल्लीतली. बाप रिक्षा चालवतो. नवी ओढणी, पाठीला नवी सॅक. आधी इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली, "जय भीम सर."

"जय भीम. फिजिक्स घेतलंस?"

"घेतलंय. पण सर, झेपेल ना मला?"

मी सवयीने म्हटलं, "अगं, मला झेपलं म्हणजे कुणालाही झेपेल!"

ती हसली नाही. तिने ते खरं मानलं की काय, असं मला वाटलं. पण घंटा झाली.

हॉल भरला. मी फळ्याला टेकलो. गोळा नाकाला लागला. मोठ्या सरांनी नियम सांगितला, थांबले, आणि ते वाक्य टाकलं. हॉल हसला.

मला त्या जागेवरून सगळा हॉल दिसतो. ती दुसऱ्या रांगेत होती. ती लगेच हसली नाही. आधी तिने डावीकडे पाहिलं. मग उजवीकडे. सगळे हसतायत याची खात्री केली. आणि मग हसली. सगळ्यांपेक्षा एक क्षण उशिरा, आणि सगळ्यांपेक्षा जरा जोरात.

ते हसू मी ओळखलं. ते माझं होतं. आई पाकिटं भरायची तेव्हापासून मी तेच हसत आलोय.

गोळा गेला, आला, थांबला, परतला. टाळ्या पडल्या. सगळे माझ्या मुजऱ्याची वाट बघत होते.

मी वाकलो नाही.

झोके खाणारा गोळा हाताने धरला आणि म्हटलं, "सर, आता तुम्ही उभे राहा."

"मी?" मोठे सर हसले. "अहो, ते तुमचं खातं."

"नियम सगळ्यांना सारखाच आहे सर."

"वेळ झालीय, पुढे परिचय व्हायचाय..."

वरच्या बाकावरून एक पोरगा ओरडला, "सर, होऊन जाऊ दे!" मग पन्नास आवाज. पोरांना माझ्याशी देणंघेणं नव्हतं, त्यांना खेळ हवा होता. मोठ्या सरांनी आयुष्यभर याच हॉलला खेळ दाखवला होता. नाही म्हणायची सोय राहिली नाही. ते फळ्याला टेकले.

मी गोळा त्यांच्या नाकाला लावला. इतक्या जवळून मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. नाकावर घामाचा एक थेंब होता. या प्रयोगात चूक एकच होऊ शकते. सोडताना गोळा ढकलला तर तो जास्त जोराने परत येतो, आणि मग नाक राहत नाही. बोटभर ढकललं तरी पुरतं. कुणाला कळलंही नसतं. त्यांच्या डोळ्यांत मला दिसलं की त्यांच्या मनातही नेमकं तेच आलंय.

मी ढकलला नाही. बोटं उघडली, एवढंच. नियमावर माझा विश्वास आहे. त्याच्यासमोर नाक पुढे करून मी कितीदा उभा राहिलोय.

गोळा परत आला तेव्हा काय झालं, ते शेवटी सांगतो. आधी नंतरचं ऐका, कारण ते ऐकायला सहसा कुणी थांबत नाही.

नंतर मला केबिनमध्ये बोलावलं.

"तुम्ही माझा अपमान केलात."

"नाही सर. प्रयोग केला. तुम्हीच शिकवलेला."

"इतकी वर्षं आम्ही तुम्हाला घरच्यासारखं वागवलं."

"घरी कधी बोलावलं नाहीत सर."



स्टाफरूममध्ये एक जण म्हणाला, "जरा जास्तच ताणलंस यार. जोक तर होता." बाकीचे मोबाइलमध्ये. आता माझ्या खुर्चीभोवती हशा नसतो. विनोद केला नाही तर त्या खोलीत माझ्याशी बोलायला कुणाकडे काहीच नसतं, हे मला या वयात कळलं. जिन्यातलं मतही बदललंय. परवा कानावर आलं, "नाकवाल्यांना माज आलाय." छतातला हुक मोठ्या सरांनी काढायला लावला. गोळा जिमखान्यात परत गेला. मी अजून डार्करूममध्येच जेवतो. फक्त सोडियमचा दिवा लावत नाही. दार उघडं ठेवतो. चटणी लाल दिसते.

कुणी येऊन बसलेलं नाही. येईल असं मी धरूनही चाललेलो नाही.

पण हे पक्कं आहे. हुक मी परत ठोकणार. पुढच्या वर्षी पहिलं लेक्चर मागून घेणार, नाही दिलं तर दुसरं घेणार. जो शिकवेल तो स्वतःचं नाक पुढे करून उभा राहील, दुसऱ्याचं भाड्याने मिळणार नाही. माझ्या संरक्षणाची आठवण ज्याला होईल, त्याने ती त्या गोळ्यासमोर उभं राहून काढावी. आणि मुजरा बंद. कायमचा.

आता तो गोळा.

तो परत यायला लागला. मोठ्या सरांच्या चेहऱ्यावर आधी वारा लागला असणार. मान झटक्यात बाजूला गेली. मग खांदा. मग अख्खे सर, दोन्ही हात डोक्यावर धरून, टेबलाच्या पलीकडे. गोळा आला, आणि त्यांचं नाक जिथे असायला हवं होतं त्याच्या अलीकडे, मोकळ्या हवेत, शांतपणे थांबला. मग परत गेला.

सगळी पोरं एकमेकांकडे बघत होती. हसायचं की नाही?

दुसऱ्या रांगेत ती उभी राहिली होती. तिने डावीकडे पाहिलं नाही. उजवीकडेही नाही. तिच्या तोंडून निघूनच गेलं, खणखणीत, मागच्या भिंतीपर्यंत:

"अय्या, मोठे सर पळाले! नियमावर ह्यांचाच विश्वास नाय!"