विहिरीचं पाणी आणि पिवळी काच

आधीच सांगून टाकतो, असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. मी फिजिक्स शिकवतो. बायकोने दाराला लिंबू-मिरची बांधली, तर त्या लिंबाचं सरबत होईल का असं विचारणारा मी माणूस. त्यामुळे हे लिहिताना लाज वाटतेय... पण त्या लाजेचं खरं कारण भुताखेताचं नाही. ते पुढे येईलच.

राहायला गारखेड्यात, नोकरी इथल्या विद्यापीठाच्या फिजिक्स विभागात. आमचं संशोधन म्हणजे काचेच्या पट्टीवर कॅडमियम सल्फाइडचा पातळ पिवळा थर बसवायचा – सोलर सेलसाठी. श्रीमंत देशांत याला खोलीएवढं मशीन लागतं. आमच्याकडे एक बीकर, एक हॉटप्लेट, नाकात जाणारा अमोनिया आणि भरपूर चिकाटी. हे मला शिकवलं माझ्या गाइडनी, अण्णासरांनी. भर मे महिन्यातही हाफ स्वेटर घालणारे सर. काच खिडकीपाशी धरायचे, एक डोळा मिटायचे आणि निकाल द्यायचे – "झेंडू झालाय रे हा. मला पिवळी कण्हेर पाहिजे." मशीनवरून ग्राफ यायला पुढे महिना लागायचा, आणि यायचा तो सरांच्या फुलाशी जुळणाराच!

तीसेक वर्षांपूर्वीचा मे. मी तेव्हा त्यांचा पीएचडीचा विद्यार्थी. सर आठवड्यासाठी दिल्लीला निघाले. "मी येईस्तोवर एक बॅच काढून ठेव," एवढंच म्हणाले. आपल्या शहरात उन्हाळ्यात नळाचं काय असतं, ते तुम्हाला सांगायला नको. नळ कोरडे, म्हणून डिस्टिल्ड वॉटर बनवायचं यंत्र बंद. अशा वेळी थांबायचं, हा लॅबचा नियम. पण सर उद्या परतणार, पाण्याचा टँकर दुपारी येणार आणि दुपारीच मॅच होती... मी विभागामागच्या विहिरीतून बादलीभर पाणी शेंदलं, फिल्टर पेपरमधून गाळलं, बॅच लावली, आणि वहीत ठसठशीत अक्षरात लिहिलं – 'डबल डिस्टिल्ड वॉटर'. मॅच आपण हरलो, ते वेगळंच.

सर परत आले. काच घेऊन खिडकीपाशी गेले, एक डोळा मिटला... आणि बराच वेळ मिटलेलाच ठेवला. मग म्हणाले, "कण्हेर."

त्या काचेवर पेपर छापून आला, मला पीएचडी मिळाली, पुढे नोकरीही. तशी काच पुन्हा कुणालाच जमली नाही. सर येईल त्याला सांगायचे, "याच्या हाताला गुण आहे." मी मान खाली घालायचो. लोकांना तो विनय वाटायचा.

साठीला सर रिटायर झाले आणि दोनच वर्षांत गेले. त्याला आता एकोणीस वर्षं झाली.

आता शाहीन. माझी पीएचडीची विद्यार्थिनी, देवगाव रंगारीची. वडिलांचं गावात शिलाईचं दुकान. तिच्या थिसिसचा पाया म्हणजे आमचा तो जुना पेपर. ती काच पुन्हा करून दाखवायची आणि मग पुढचं काम. आठ महिने ती करत होती. झेंडू, झेंडू, कधी नुसतीच हळद. मुदतवाढ दोनदा घेऊन झालेली. जूनअखेर थिसिस गेला नाही तर नोंदणी रद्द. पाच वर्षांवर फुली.

"सर, माझंच काही चुकतंय का?" ती विचारायची.

"तापमान बघ," मी म्हणायचो. "ढवळायचा स्पीड बघ."

आणि पाणी? मला आठवत होतं हो. रोज आठवत होतं. पण पन्नाशी उलटलेल्या, 'हाताला गुण' असलेल्या प्रोफेसरने काय सांगायचं – की बाई, मी मॅचपायी वहीत खोटं लिहिलं? शिवाय मनाला समजावायचो, विहिरीच्या पाण्यानं असा काय फरक पडणार! माझ्या या समजावण्याची किंमत आठ महिने एक पोरगी मोजत होती. लाजेचं कारण ते हेच.

गेल्या मे महिन्यातल्या एका गुरुवारी मी परीक्षेचे पेपर तपासायला बाहेर गेलो होतो. शुक्रवारी सकाळी विभागात आलो, तर शाहीन माझ्या केबिनच्या दारातच उभी. हातात काच. मी ती खिडकीपाशी नेली, आणि एक डोळा कधी मिटला ते मलाच कळलं नाही. कण्हेर! अगदी तीच.

"कसं केलंस?"

"काल दुपारी लाइट गेली होती सर. मी लॅबच्या दाराशी वारा घेत बसले होते. एक म्हातारे सर आले. मला वाटलं, रिटायर्ड असतील कोणी. माझी कालची काच त्यांनी खिडकीत धरून बघितली आन् म्हणाले, 'पोरी, पाणी कोणतं घेतलं?' मी म्हटलं, डबल डिस्टिल्ड. तर हसले. म्हणाले, 'त्यानं मागच्या विहिरीचं घेतलं होतं. गाळून घे, येईल.'"

मी खुर्चीत बसलो. म्हणजे, खुर्ची तिथं होती हे नशीब.

"मग?"

"मी म्हटलं, सरांना फोन करून विचारते. तर म्हणाले, 'त्याला नको विचारू. लाजंल तो.' आन् गेले. लाइट आल्यावर मी माळीकाकांकडून विहिरीवरची जाळी उघडून घेतली, पाणी काढलं..." ती थांबली. "सर, तुम्ही खरंच विहिरीचं पाणी घेतलं होतं?"

"घेतलं होतं."

तिने काच माझ्याकडून घेऊन जपून डबीत ठेवली. रागावली असती तर बरं झालं असतं.

मी कपाटातून सरांच्या निरोप समारंभाचा फोटो काढला. "मधले, हार घातलेले – हेच का?" मी विचारलं. तिने निरखून पाहिलं.

"नाय सर. चेहरा असाच हाय, पण ते लई म्हातारे होते. ऐंशीचे तरी असतील. यांचे वडील हायेत का?"

सरांचे वडील सर शाळेत असतानाच गेले होते. आणि सर आज असते, तर एक्याऐंशीचे असते.

विज्ञानवादी म्हणून मी सगळं करून बघितलं. गेटवरचं रजिस्टर चाळलं, रिटायर्ड मंडळींना फोन लावले. कुणीच आलं नव्हतं. पाण्याची गोष्ट मी कधी कुणाला सांगितली नव्हती, बायकोलासुद्धा. तिला आता सांगितली, तर म्हणाली, "अहो, तुम्हाला भूतसुद्धा थेट भेटत नाही. निरोप ठेवून जातं!"

विहिरीच्या पाण्यानं काच चांगली का येते, याला उत्तर आहे – त्यातले क्षार. शाहीनने ते रीतसर सिद्ध केलं. चौथ्या प्रकरणात मी तिला स्पष्ट लिहायला लावलं की मूळ वहीतली नोंद खोटी होती आणि ती मी केली होती, नावानिशी. थिसिस जूनमध्येच गेला. सरांना हे आधीपासून माहीत असेल, तर इतकी वर्षं माझ्यासोबत चहा पिताना ते एका शब्दाने का बोलले नाहीत, याला मात्र उत्तर नाही.

व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, बाहेरचे परीक्षक आले होते. चौथ्या प्रकरणावर बोट ठेवून त्यांनी शाहीनला विचारलं, "हे विहिरीचं पाणी तुम्हाला सांगितलं कोणी? गाइडनीच?"

शाहीनने माझ्याकडे पाहिलं. सभागृह भरलेलं. तिचे वडील शेवटच्या रांगेत, नवा शर्ट घालून.

मीच उठलो. "आमच्या अण्णासरांनी सांगितलं."

"अस्सं. कधी?"

"गेल्या मे महिन्यात."

त्यांनी मान डोलावली आणि कागदावर तसं लिहूनही घेतलं. मी दुरुस्ती सुचवली नाही. सुचवायला दुसरं काही असायला तर हवं ना...