लाइन चालू आहे

“लाइन परत गेली,” सेक्रेटरी म्हणाली आणि कमिटीरूममधल्या सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

अलास्काच्या विधिमंडळात मी ऑडिओ इंजिनिअर होतो. राजधानी जुनोला बाहेरून गाडीरस्ता नाही. यायचं तर विमानानं नाहीतर बोटीनं. म्हणून लांबच्या गावातले लोक बिलावरचं आपलं म्हणणं फोनवरून मांडतात. त्याला टेस्टिमनी म्हणतात. साक्षच ती, फक्त कोर्टाऐवजी आमदारांपुढे. ती नीट ऐकू येणं ही माझी जबाबदारी.

बिल होतं सिनेटर ॲग्नेस यांचं. त्या तिथल्या मूळ रहिवासी युपिक समाजातल्या. गावच्या शाळेत मदतनीस होत्या, तिथून हाउस म्हणजे खालच्या सभागृहात, मग सिनेटमध्ये आल्या आणि आता शिक्षण कमिटीच्या चेअर होत्या. मुलांचा पट फार घसरला की शाळेचा निधी थांबतो. अशा शाळांना दोन वर्षांची मुदत द्यावी, एवढंच त्या मागत होत्या. त्यांच्या गावची शाळाही बंद होण्याच्या बेतात होती. सेशन त्यांचं शेवटचं, आणि नेमकी गावचीच माणसं दोन वाक्यांत लाइनवरून गायब होत होती. त्यांनी मतदान दुसऱ्या दिवसावर ढकललं.

“सॅटेलाइट असणार,” माझा बॉस स्टीव्ह म्हणाला. “सोड.”

सॅटेलाइट हे आमच्याकडचं प्रत्येक दुखण्याचं सरसकट निदान. मी सोडणार होतो, पण सिनेटर माझ्या टेबलापाशी येऊन उभ्या राहिल्या. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. त्यांची ती पद्धतच होती आणि मला तिची सवय होती.

“दिलीप,” त्या शेवटी म्हणाल्या, “आमच्या गावातून एक कंत्राटदारही बोलतो. त्याची लाइन कधीच जात नाही. तो भराभर बोलतो.”

मी रेकॉर्डिंग लावून बसलो. खरंच, प्रत्येक लाइन गप्प झाल्यावरच तुटत होती. त्या हिवाळ्यात नवीन सॉफ्टवेअर आलं होतं. थोडा वेळ आवाज आला नाही की फोन ठेवला असं ते धरायचं आणि लाइन बंद करायचं. कंपनीनं ते सेटिंग तसंच देऊन टाकलं होतं.

“पण इतकं थांबतात का हो?” मी सिनेटरना विचारलं.

“विचारल्याबरोबर उत्तर दिलं तर आमच्याकडे विचार केला नाही असं समजतात.”

मी नागपूरचा. आमच्या घरी चार जण एकदम बोलतात आणि पाचवा त्यांना उत्तर देतो. हे सॉफ्टवेअर आमच्यासारख्याच कुणीतरी लिहिलं असणार.

“सेशन चालू असताना सेटिंगला हात लावायचा नाही,” स्टीव्ह म्हणाला. “लोक फोन तसाच ठेवून जातील, लाइन्स अडकतील.”

“अडकलेल्या लाइन्स मी स्वतः बसून सोडवतो.”

“सगळ्या?”

“सगळ्या. काही चुकलं तर माझं नाव सांग.”

तो कुरकुरला, पण हो म्हणाला आणि मी ते सेटिंग बंद केलं.

दुसऱ्या दिवशी गावातून ओल्गा नावाच्या आजी फोनवर बोलायला आल्या. नाव सांगितलं आणि थांबल्या. एका सिनेटरनं घड्याळ पाहिलं. दुसरा म्हणाला, “लाइन गेली वाटतं.” ॲग्नेसनी नुसता हात वर केला. माझ्यासमोरचा हिरवा दिवा जळत होता. म्हणजे लाइन चालू होती.

“शाळा गेली की मुलं जातील,” आजी म्हणाल्या. पुन्हा शांतता. या वेळी कुणी घड्याळ पाहिलं नाही. “त्यांच्यामागे आईबाप जातील. मग आम्ही म्हाताऱ्यांनी हाक कुणाला मारायची?”

बिल कमिटीत पास झालं. पुढे हाउसनं त्याला कात्री लावली आणि दोन वर्षांचं एक वर्ष झालं. त्या वर्षात दोन कुटुंबं मुलाबाळांसह गावात परतली आणि पट सावरला. शाळा अजून चालू आहे.

मी यातून एवढंच शिकलो की डीफॉल्ट सेटिंग तपासल्याशिवाय वापरू नये. ते कुणाच्या तरी सवयीनं ठरलेलं असतं.

आता मी रिटायर होऊन दूर दक्षिणेकडे, वाळवंटातल्या चँडलर शहरात राहतो. इथल्या उन्हात जुनोच्या ओल्या कोटांचा वास आठवतो आणि जीव हळहळतो. ॲग्नेस गावी परतल्या आहेत. अधूनमधून रविवारी त्यांचा फोन येतो. त्या हॅलो म्हणतात, मी हॅलो म्हणतो. मग मी फोन कानाला लावून खिडकीशी बसून राहतो.

“कट झाला का?” बायको स्वयंपाकघरातून विचारते.

मी मानेनंच नाही म्हणतो.